अकरा भोकांचं घर

गेल्या दिवाळीत याच सदरात मी 'डिपेन्डंट' या शब्दावर लिहिलं होतं. अकरा वर्षं शाळेत इतिहास शिकवलेली बाई सिंगापूरच्या विमानतळावर उतरते आणि तिच्या पासवर छापलेलं असतं, अवलंबित. तो लेख वाचून तुमच्यापैकी बऱ्याच जणींचे फोन आले. कुणी रडल्या, कुणी रागावल्या. एका मैत्रिणीने विचारलं, "मग आता दिवसभर करतेस तरी काय?"

तेव्हा उत्तर नव्हतं. आता आहे. मी भोकं मोजते.

आम्ही बोटीवर राहायला जातोय. सहल नाही, शनिवार-रविवारची हौस नाही. कॉन्डोचा करार जानेवारीत संपतो. त्याआधी सामान हलवायचं आणि एका मरीनात बांधलेल्या अडतीस फुटी शिडाच्या बोटीवर तिघांनी संसार मांडायचा, असं ठरलंय. ठरलंय म्हणजे नवऱ्याचं वीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं, मुलीचं पाच मिनिटांत ठरलं आणि माझं ठरायला पावणेदोन वर्षं लागली. हा लेख त्या पावणेदोन वर्षांचा आहे.

मंदार देवगडचा. त्याचे पणजोबा गलबतावर तांडेल होते. मुंबईला माल घेऊन जाताना वाऱ्यावरून भात शिजवायची वेळ ठरवायचे, अशा कथा त्याच्या घरी अजून सांगतात. तो स्वतः तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर आहे. मी करमाळा तालुक्यातली. आमच्याकडे लग्नानंतरचा पहिला घोळ 'नांगर' या शब्दावरून झाला. सासरे म्हणाले, "नांगर टाकला की निवांत." मी म्हटलं, आमच्याकडे नांगर धरला की काम सुरू होतं! दोन्ही शब्द दिसायला एक, पण शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'वरून आलेला आणि बोटीचा फारसी 'लंगर'वरून. शाळेत मुलांना हे सांगायला मला फार आवडायचं. आपल्यालाही एका नांगरावरून दुसऱ्यावर जावं लागेल, हे तेव्हा डोक्यात नव्हतं.

अडचण वेगळीच होती. माझ्या आईला पाण्याचं नाव काढलेलं चालत नाही. तिचं माहेर भीमेकाठी, पळसदेवच्या बाजूचं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, पण पाणी त्याआधीच चढू लागलं होतं. आई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. घराची कौलं, दारं, तुळया काढून बैलगाडीत भरल्या. गोठ्याच्या भिंती तशाच राहिल्या. आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, पाणी एवढं वर येणार नाही. ते आलं. एका दुष्काळी उन्हाळ्यात धरण आटलं आणि जुन्या पळसदेवचं देऊळ उघडं पडलं, तेव्हा आई मला बघायला घेऊन गेली होती. सगळे फोटो काढत होते. आई चिखलात उभी राहून आपल्या गावच्या दिशेला बोट दाखवत होती, पण तिकडे पाणीच होतं.

जानेवारी २०२४ मध्ये आम्ही सिंगापूरला आलो. मंदारने बोटीचा विषय काढला तो मे महिन्यात, आणि त्याच महिन्याच्या २१ तारखेला उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली. कुगाव आमच्याच तालुक्यातलं. धरण होण्याआधी जिथे माणसं नदी ओलांडून जायची, तिथे आता बोटीने जातात, कारण रस्त्याने वळसा फार मोठा. आईचा फोन आला. मी बोटीबद्दल तिला अजून काही बोलले नव्हते, पण ईराने आधीच सांगून टाकलं होतं.

"पाण्यानं आपलं घर गिळलं," आई म्हणाली, "आन् तू पाण्यावर ऱ्हायला चाललीस व्हय?"

मी मंदारला स्पष्ट नाही म्हणून सांगितलं. त्याने वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "एकदा बघायला चल. आवडलं नाही तर परत काढणार नाही विषय."

बघायला गेलो ती बोट एका वयस्क ऑस्ट्रेलियन जोडप्याची होती. नऊ वर्षं दोघं तिच्यावर राहिले होते. गुडघे साथ देईनात म्हणून विकत होते. पुरुष मंदारला इंजिन दाखवायला घेऊन गेला. बाईंनी मला आत बसवलं, चहा दिला आणि पायाखालची फळी उचलली. खाली एक पितळी झडप, तिला लागून जाड नळी. म्हणाल्या, हे एक. मग मोरीच्या खाली दुसरं, संडासाजवळ तिसरं आणि चौथं, इंजिनापाशी पाचवं. अशी अकरा भोकं. मुद्दाम पाडलेली. स्वयंपाकघराचं पाणी बाहेर जायला, इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत यायला. यांतलं प्रत्येक भोक बोट बुडवू शकतं, असं त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. आणि प्रत्येक झडपेला दोरीने बांधलेली एक लाकडी खुंटी दाखवली. निमुळती, मऊ लाकडाची, गाजरासारखी. झडप तुटली, नळी निसटली, तर ही खुंटी भोकात ठोकायची. लाकूड पाण्याने फुगतं आणि घट्ट बसतं.

मग त्यांनी एक वही काढली. कुठल्या फळीखाली काय आहे, कुठली झडप कधी बदलली, कुठला पंप कुरकुरतो, सगळं हाताने लिहिलेलं, चित्रं काढून. माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर भाजाणीची मापं लिहिलेली वही दिली होती, तिची आठवण झाली. मी त्या दिवशी घरी येऊन हो म्हणाले नाही. पण विषय बंद कर, असंही म्हणाले नाही.

माझी एकच अट होती. ज्या दिवशी मी न थांबता दोनशे मीटर पोहेन, त्या दिवशी पुढचं बोलू. मंदारला वाटलं, झालं, मिटलं! छत्तिसाव्या वर्षी सरकारी तलावावर सहा-सात वर्षांच्या मुलांबरोबर मी पाण्यात तोंड घालायला शिकले. इथल्या शाळांमध्ये मुलांना 'स्विमसेफर'च्या सहा पायऱ्या असतात. ईरा पहिली पायरी चढत होती तेव्हा मी काठ धरून पाय मारत होते. तिला माझी लाज वाटायची. ती दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहायची. पन्नास मीटरच्या तलावात चार फेऱ्या मारायला मला सात महिने लागले. चौथ्या फेरीच्या शेवटी ती काठावर येऊन ओरडत होती, "आई, थांबू नको!" मी थांबले नाही.

पुढे इथल्या बंदर प्राधिकरणाचा छोट्या इंजिनाच्या बोटी चालवायचा परवाना काढायचा होता. मंदारबरोबर मीही परीक्षेला बसले. कितीतरी वर्षांनी पुस्तक घेऊन रात्री अभ्यास केला. बंदरात शिरताना लाल खूण डावीकडे ठेवायची आणि हिरवी उजवीकडे. समोरासमोर दोन बोटी आल्या तर दोघींनी उजवीकडे वळायचं. सिंगापूरची सामुद्रधुनी म्हणजे जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक. तिथे आमची बोट म्हणजे हायवेवर तीनचाकी सायकल. मी पास झाले. शाळेत मुलांना "पेपर आधी पूर्ण वाचा" असं सांगायचे, ते या वेळी स्वतःला सांगितलं.

या दरम्यान ईराने घरात जगाचा नकाशा लावला. २ ऑक्टोबर २०२४ रोजी नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी 'तारिणी' या ५६ फुटी बोटीतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या होत्या. दोघीच. ईरा रोज शाळेतून आली की त्या कुठे पोचल्या ते विचारायची आणि टाचणी पुढे सरकवायची. फ्रीमँटल, लिटल्टन, मग फेब्रुवारीत केप हॉर्न, पोर्ट स्टॅन्ले, केप टाउन. २९ मे २०२५ रोजी त्या गोव्याला परतल्या. आठ महिने. मी तिला सांगितलं की ही बोट गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली आहे, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात, आणि त्याच कारखान्यातल्या 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. ती म्हणाली, "मग आजीला सांग ना हे!" आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "त्या नौदलाच्या पोरी हायत. तू मास्तरीण हायस."

बोट आमच्या नावावर झाली आणि खरं काम सुरू झालं. घर आवरण्याचं. तीन खोल्यांचा संसार अडतीस फुटांत बसवायचा, तोही दोन्ही टोकांना निमुळत्या होत जाणाऱ्या. पहिला नियम, पुठ्ठ्याचं खोकं बोटीवर न्यायचं नाही, कारण त्याच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. दुसरा, जे लोखंडी आहे ते गंजणार. माझा बीडाचा तवा गेला, खलबत्ता गेला. पोळपाट राहिला, पण त्याला मागून कडी लावून भिंतीला टांगला. तिसरा नियम, जे बांधता येत नाही ते ठेवायचं नाही. मिसळणाचा डबा मी हट्टाने ठेवला, वरून रबरी पट्टा घालून. पुस्तकांना दोन फळ्या मिळाल्या. दमट हवेत पानांना बुरशी येते म्हणून बाकीची आपल्या मंडळाच्या वाचनालयाला दिली. एमएच्या टिपणांच्या वह्या मी तीन वेळा पिशवीत भरल्या आणि तीन वेळा बाहेर काढल्या. शेवटी एक ठेवली. कोणती ते सांगत नाही.

देव्हाऱ्यावरून घरात दोन दिवस चर्चा झाली. गणपती आणि अन्नपूर्णेच्या खाली चिकटणारी पट्टी लावायची कल्पना मला पाप वाटत होती. सासूबाईंना फोन केला. त्या हसल्या. म्हणाल्या, "गलबतार सुद्धा देव बांधूनच ठेवत. देवाक कळता." लावली पट्टी.

स्वयंपाकघर हा खरा अभ्यासाचा विषय. शेगडी दोन कड्यांवर झुलती असते. बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. कुकर बोटीवर हिरा आहे, कमी पाणी, कमी गॅस, झाकण घट्ट. पण गॅसची भीती मला शिकावी लागली. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकी उघडली की बराचसा निघून जातो. बोटीत तो तळाला जाऊन साठतो, पाण्यासारखा, आणि एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून गॅसचा सेन्सर खाली पायाशी बसवतात आणि स्वयंपाक झाला की सिलिंडरचा मुख्य कॉक बंद करायचा, रोज, प्रत्येक वेळी. आता कॉन्डोतसुद्धा माझा हात आपोआप कॉककडे जातो.

आणि हे स्वस्त पडतं, असं जर कुणाला वाटत असेल तर तसं नाही. बांधायच्या जागेचं भाडं आहे, विमा आहे, किनाऱ्यावरून घेतलेल्या विजेचं बिल आहे. इथल्या कोमट पाण्यात तळाला शिंपले भराभर चिकटतात, म्हणून बोट वेळोवेळी पाण्याबाहेर काढून रंगवावी लागते. सगळ्याच मरीना राहायला परवानगी देत नाहीत; आम्हाला आधी विचारून, लेखी घेऊन पुढे जावं लागलं. हिशोब केला तर भाड्यात वाचलं ते बोटीत गेलं.

एक गोष्ट मात्र इतिहासाच्या बाईला सुखावून गेली. आपण ज्या कलांग स्टेशनवरून रोज जातो, ते नाव कलांग नदीवर बोटींतच राहणाऱ्या लोकांचं, ओरांग कलांग यांचं. सेलेतारही तसंच, ओरांग सेलेतार यांच्यावरून. १८१९ साली रॅफल्स इथे उतरले तेव्हा नदीच्या मुखाशी अशी बोटीतली कुटुंबं होती. होडीतच जन्म, होडीतच चूल. पुढे बंदर वाढलं, त्यांना हलवण्यात आलं आणि आता त्यांची नावं तेवढी उरलीत. त्यांच्यानंतर नदीत मालाच्या पडावांची गर्दी झाली. नाळेवर डोळे रंगवलेले असायचे, बोटीला वाट दिसावी म्हणून. नदी स्वच्छ करायची मोहीम १९७७ मध्ये सुरू झाली आणि १९८३ साली ते पडाव पासिर पांजांगला नेले. बोट कीवर आज आपण जेवायला जातो, तिथे मी ईराला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे पाण्यावर राहणारे आपण पहिले नाही." नाही. आणि उठवलं गेलेलीही माझी आई पहिली नाही. पाण्यावरून काहींना उठवतात, पाण्यासाठी काहींना. हे मी मोठ्याने बोलले नाही.

ऑगस्टपासून आम्ही शुक्रवार-शनिवारच्या रात्री बोटीवर काढू लागलो. पहिल्याच महिन्यात 'सुमात्रा' भेटला. एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये पहाटे पश्चिमेकडून येणारं हे वादळ तुम्ही बाराव्या मजल्यावरून पाहिलं असेल, खिडकी लावून परत झोपला असाल. बोटीवर डोलकाठ्यांच्या दोऱ्या शिट्टी घालू लागतात आणि सगळी मरीना एका बाजूला कलते. माझ्याकडून वरची खिडकी उघडी राहिली होती. गादी भिजली. मंदार काही बोलला नाही, हे जास्त लागलं.

मग सप्टेंबरमधली ती रात्र. मंदारला यार्डात रात्रपाळी आली. मी आणि ईरा दोघीच होतो. वारा नाही, पाऊस नाही. दीड वाजता तळातला पंप सुरू झाला. तळात पाणी साठलं तरच तो चालतो. बंद झाला. मी श्वास रोखून बसले. चार मिनिटांनी परत सुरू. फोन लावला, मंदार उचलत नव्हता. यार्डात आत असला की फोन बाहेर ठेवतात.

मला वाटलं होतं, अशा वेळी माझे हातपाय गळतील. आईचा आवाज आला कानात. पण हात वहीकडे गेले. त्या बाईंनी एका पानावर चौकटीत लिहून ठेवलं होतं: तळात पाणी दिसलं तर आधी चव घ्या. मी ईराला उठवलं, जाकीट घातलं, पायऱ्यांवर बसवलं आणि टॉर्च तिच्या हातात दिला. फळी उचलली. खाली काळं, तेलकट पाणी हलत होतं. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

गोड होतं.

खारट असतं तर समुद्र आत येत होता. गोड म्हणजे आपल्याच टाकीतलं, नळाचं पाणी. आकाश कोरडं होतं, म्हणजे पावसाचंही नव्हे. मी नळाच्या पंपाचं बटण बंद केलं. टाकीपासून मोरीपर्यंतच्या नळीवरून हात फिरवत गेले आणि मोरीखालच्या सांध्याला बोटं ओली झाली. पकड ढिली झाली होती. पेचकसाने आवळली. मग अकराच्या अकरा भोकं तपासली, एकेक, ईरा मोजत होती. तळातला पंप परत सुरू झाला नाही. आम्ही दोघींनी बिस्किटं खाल्ली आणि ती माझ्या मांडीवर झोपली. मला झोप आली नाही, पण ती भीतीने नव्हे. दोन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी, काहीतरी माझ्यावर अवलंबून आहे, असं वाटत होतं.

सकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. लपवायचं नाही असं ठरवलं. रात्री काय झालं ते सांगितलं आणि फोन हातात घेऊन एकेक फळी उचलून दाखवली. हे पहिलं भोक आई, ही त्याची खुंटी. हे दुसरं. आई चष्मा लावून बघत होती. सातव्यापाशी म्हणाली, "ती खुंटी ढिली बांधलीय. दाव्याची गाठ मार की, बाबा मारायचे तशी." मी मारली. अकरावं झाल्यावर ती बराच वेळ गप्प होती.

मग म्हणाली, "आमाला पाण्यानं उठवलं. कुनी इचारलं न्हाई, कुनी काय दाखवलं न्हाई. तू समदं बघून, मोजून चाललीस." थोड्या वेळाने म्हणाली, "पोरीच्या अंगातनं ते जाकीट काढू नगंस."

आईची भीती गेली का? नाही. माझीही नाही. रोज रात्री झोपण्याआधी मी फळी उचलून तळ कोरडा आहे ना ते बघते आणि बघेन. पूर्वी सगळं पाणीच भीतीचं होतं. आता ती अकरा जागी आहे, आणि प्रत्येक जागेपाशी एक खुंटी बांधलेली आहे.

करार जानेवारीत संपणार असला तरी ही दिवाळी आम्ही बोटीवरच करतोय. तेलाच्या पणत्या मरीनात चालणार नाहीत, म्हणून बॅटरीच्या लावू. कडबोळी, चकल्या कॉन्डोतच तळून नेते. झुलत्या शेगडीवर तळण करायचं धाडस अजून नाही. आकाशकंदील डोलकाठीच्या दोरीवर ईरा चढवणार आहे, तेवढा मान तिचा.

तुम्ही सगळ्यांनी फराळाला या. चपला धक्क्यावर काढायच्या. आणि निघण्याआधी भरतीची वेळ बघून निघा. बोटी पाण्याबरोबर वरखाली होतात, ओहोटीला धक्क्यावरून खाली येणारा उतार फार तीव्र होतो, आणि डबे हातात घेऊन उतरताना पाय घसरतो. हे मी अनुभवाने सांगतेय. गेल्या महिन्यात अख्खं इडलीचं पीठ मी समुद्राला दिलं आहे.